चार दांड्या कपडे आणि अमेरिकेचा फोन

थांबा, आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एका मित्राच्या नाकातून चहा आला होता आणि सोफा खराब झाला होता. सोफा माझाच होता, म्हणून लक्षात आहे.

तर मंडळी, मी अमेरिकेत छापून आलोय! चेष्टा नाही. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात, चांगल्या कागदावर. काय छापून आलंय ते शेवटी सांगतो. त्याआधी मी कसं शेण खाल्लं ते ऐका.

आम्ही सिंगापूरला आलो त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. व्हॉट्सॲप नुकतंच घराघरात शिरलं होतं, त्या सुमाराची गोष्ट. मी पुण्याचा, सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. बायको मनीषा, आणि मुलगी ईरा, वय वर्षं अकरा. चोआ चू कांगला नवव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. किचनच्या खिडकीबाहेर भिंतीत चार नळ्या बसवलेल्या. कपडे लांब बांबूच्या दांडीवर ओवायचे, चिमटे लावायचे आणि ती दांडी खिडकीतून बाहेर काढून नळीत खोचायची. ओल्या कपड्यांनी भरलेली दांडी नऊ मजले वर, हवेत आडवी धरायची. माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला वाटतं, ही सर्कस आहे.

एका संध्याकाळी ऑफिसातून आलो तर आमच्या ब्लॉकखाली एक गोरी बाई मान वर करून उभी. साठीची असेल. पांढरे आखूड केस, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छोटी वही. वर बघायची, लिहायची, परत वर बघायची.

मला वाटलं, पत्ता चुकली. आपण पुण्याचे असलो तरी माणुसकी असतेच. मी विचारलं, "काही मदत हवी का?"

"तुम्ही इथेच राहता? ती नवव्या मजल्यावरची पिवळी साडी कुणाची आहे?"

मी वर बघितलं. मनीषाची पिवळी इरकल! चौथ्या दांडीवर, एक सुरकुती नाही, काठ जमिनीला समांतर.

"ती आमचीच."

"मी तीन दिवस या भागातल्या खिडक्या बघत फिरतेय," बाई म्हणाली. "इतकी सुंदर वाळत घातलेली दांडी मी बघितली नाही. कोण घालतं?"

आता इथे थांबा. उत्तर काय होतं? 'माझी बायको.' दोन शब्द. पहिलीतला मुलगा देईल.

मी म्हणालो, "मी."

का म्हणालो? शपथेवर सांगतो, माहीत नाही. आमच्या घराण्यातच ते आहे. माझे वडील उन्हाळ्यात सगळ्या पाहुण्यांना सांगायचे, "यंदा लोणचं फर्मास घातलंय." त्यांचा त्यातला सहभाग काय, तर बरणी वरच्या फळीवर ठेवणे. काकांनी फराळातलं एक शंकरपाळं कापलं नसेल, पण दिवाळीत ताट पुढे करून "कसं जमलंय?" असं स्वतः विचारायचे. तेव्हा घरातल्या बायका फक्त एकमेकींकडे बघायच्या. मला वाटलं, हीच पद्धत असते.

बाईचं नाव कॅरल. न्यूयॉर्कच्या एका मासिकात पंचवीस वर्षं लिहीत होती, शिवाय चार पुस्तकं. कशावर? एक दाराच्या कड्यांवर. एक नुसतं दोरखंडावर, तीनशे पानं! ज्या गोष्टींकडे कुणी बघत नाही त्या ती वर्षवर्ष बघत बसते आणि मग लिहिते. सध्या विषय होता, जगभरातली माणसं कपडे कशी वाळत घालतात. आधी मासिकात मोठा लेख, आणि तो जमला तर पाचवं पुस्तक.

"अकरा महिने काम चाललंय," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, अकरा महिने नुसतं बघायचं? माझ्या कंपनीत अकरा दिवसांत क्लायंट पळून जाईल.

"शनिवारी सकाळी तुमच्याशी बोलायला येऊ का?" तिने विचारलं.

शनिवारी सकाळी मनीषा बिशानला मराठी मुलांचा वर्ग घ्यायची. ईराला घेऊन आठला निघायची ती थेट दुपारी परत. निघायच्या आधी चारही दांड्या बाहेर लटकवून जायची. म्हणजे देखावा तयार आणि साक्षीदार गायब. मी म्हटलं, "जरूर या. नऊ वाजता."

आणि घरी काय सांगितलं? काही नाही. एक अमेरिकन बाई बायकोच्या कामाबद्दल माझी मुलाखत घ्यायला येणार, हे सांगायचं तरी कसं?

कॅरलची मुलाखत घ्यायची एक रीत होती. टेपरेकॉर्डर नाही, प्रश्नांची यादी नाही. एक प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. तुमचं उत्तर संपलं तरी गप्पच. पेन हातात, नजर तुमच्यावर, चेहरा प्रसन्न.

आता तुम्हीच सांगा, समोर पाहुणा गप्प बसलेला आपल्याला सहन होतो का? आपण काहीतरी बोलतोच! आणि मी काय बोलायचो? खरं जे काही होतं ते पहिल्या अर्ध्या मिनिटातच संपलेलं असायचं. त्यापुढे सगळ्या थापा.

"हे तुम्ही कुठे शिकलात?" तिने विचारलं.

"हॉस्टेलला," मी म्हणालो.

ती गप्प.

"कराडला. इंजिनिअरिंगला."

ती गप्प.

"अख्ख्या मजल्याचे कपडे मीच वाळत घालायचो. मुलं रांग लावायची."

झालं ना! तिचं पेन सुरू. आणि पेन सुरू झालं की मला आणखी चेव यायचा. आठ वर्षांत एक रुमाल खाली पडला नाही, म्हणालो. वाऱ्याच्या वासावरून पाऊस किती मिनिटांत येणार ते कळतं, म्हणालो. साडी वाळत घालणं हा मनाचा व्यायाम आहे, म्हणालो. हे वाक्य तर मलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हणालो.

दुसऱ्या शनिवारी ती म्हणाली, "आज मला प्रत्यक्ष बघायचंय. एक दांडी काढून पुन्हा घाला ना."

पण मी आधीच हुशारी केली होती. खांद्याला क्रेप बँडेज!

"काय झालं?" ती कळवळली.

"खांदा," मी म्हणालो.

ती गप्प. झाली पंचाईत! आता हे भरायचं कशाने?

"इतक्या वर्षांच्या दांड्या," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर दूर कुठेतरी बघितलं.

तिने लिहून घेतलं. मला दिसलं. तिने त्याखाली रेघ मारली.

तिसऱ्या शनिवारी चहा घेताना तिने स्वतःचं सांगितलं. सुरुवात एका खेडेगावच्या साप्ताहिकात, गावात कोण वारलं त्याच्या बातम्या लिहिण्यापासून. "तिथे शिकले," ती म्हणाली, "मेलेल्या माणसाचं नाव चुकलं तर घरचे चाळीस वर्षं विसरत नाहीत." मग मासिक. मासिकात दुसऱ्याच वर्षी एक माणूस भेटला, चर्चची घड्याळं दुरुस्त करणारा. इतकं छान बोलायचा की तिला ते तपासावंसंच वाटलं नाही. लेख छापला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि मग निघालं की त्याने आयुष्यात एकही घड्याळ उघडलेलं नव्हतं! मासिकाला माफी छापावी लागली. कॅरलला तीन वर्षं कुणी मोठा लेख दिला नाही. वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत बसली.

"आता माझं मासिक बारीक होत चाललंय," ती म्हणाली. "लांब लेख वाचतो कोण, असं तिथेच म्हणतात. हा लेख उभा राहिला तरच पुस्तक. नाहीतर मी घरी."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते. पण ती उठता उठता म्हणाली, "तुम्ही माझ्या लेखाचा शेवट आहात," आणि मी परत हरभऱ्याच्या झाडावर! दारात जाताना एवढंच म्हणाली, "आमच्या ऑफिसातून कुणीतरी फोन करेल हं. सगळं तपासून घेतात."

मला काय वाटलं? पासपोर्टच्या वेळी हवालदार घरी येतो ना, तसं असेल. चहा घेतो, शेजाऱ्यांना "राहतात का इथेच?" विचारतो, सही घेतो, जातो. त्यात काय एवढं? मी पुण्यातल्या सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूनही दिलं: 'अमेरिकन मासिकात येतोय. विषय गुलदस्त्यात.' अंगठ्यांचा पाऊस पडला. मनीषाने विचारलं, "कशाबद्दल रे?" मी म्हणालो, "इथल्या भारतीयांच्या जीवनाबद्दल." म्हणजे तसं खोटंही नाही.

चार महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी सातला फोन. ईरा शाळेत गेलेली. मी सोफ्यावर चहा घेऊन पाय पसरलेले. मनीषा खिडकीशी तिसऱ्या दांडीवर.

"गुड मॉर्निंग! मी जॉश. कॅरलच्या लेखातली माहिती तपासतोय. तिने सांगितलं, यावेळी तुम्ही कपडे वाळत घालत असता. अडथळा तर नाही ना?"

"नाही नाही, तेच चाललंय."

"हो, चिमट्यांचा आवाज येतोय," तो खूश झाला. "माझे एकशे चौदा प्रश्न आहेत."

एकशे चौदा! माझ्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत सात होते.

"दांड्या चार, बरोबर? चिमटे निळे, पैकी दोन लाल?"

मी मान लांब करून बघितलं. मधे मनीषा. "मनीषा, जरा बाजूला हो."

"कुणी आहे का तिथे?"

"मुलगी आहे," मी म्हणालो. मनीषाने मागे वळून बघितलं. तिला वाटलं, मी कुणाला तरी घरात मुलगी असल्याचं सांगतोय. ती परत कामाला लागली.

"साडी पिवळी की मोहरीच्या रंगाची? हॉस्टेलचा मजला कितवा? तुम्ही वाऱ्याच्या वासावरून पाऊस ओळखता, तर तो वास कसा असतो? खांदा उजवा की डावा?"

उजवा! का डावा? बँडेज कुठे बांधलं होतं? "दोन्ही," मी म्हणालो.

"डॉक्टरांचं नाव मिळेल?"

"घरगुती उपाय केला. हळदीचा लेप."

"ओके," तो म्हणाला. टाइप केल्याचा आवाज आला. "आता मला तीन माणसांशी बोलावं लागेल. हॉस्टेलचे तुमचे रूममेट. खालच्या मजल्यावरच्या मिसेस लिम, काही पडलं नाही हे विचारायला. आणि तुमची पत्नी."

मंडळी, माझं धाबं दणाणलं. आपल्याकडे एकदा छापून आलं की ते खरं होतं. इथे छापायच्या आधी खरं असावं लागतं! हा काय उलटा कारभार?

पण मी मॅनेजर आहे. कंपनीत दरवर्षी क्लायंटचा ऑडिटर येतो. तेव्हा आम्ही काय करतो? टीमला बसवतो आणि कोणता प्रश्न आला तर काय उत्तर द्यायचं ते पाठ करून घेतो. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक्सेल शीट बनवली. पहिल्या रकान्यात माणूस, दुसऱ्यात प्रश्न, तिसऱ्यात उत्तर, चौथ्यात 'काय बोलू नये'. संध्याकाळी घरच्या प्रिंटरवर छापली. एकदम प्रोफेशनल!

रूममेट सुध्या पुण्यात. त्याला फोन लावला.

"अरे सुध्या, विचारलं तर सांग, की कपडे वाळत घालण्याच्या बाबतीत हा अतिशय शिस्तीचा माणूस आहे."

"तू?" सुध्या म्हणाला. "अरे, हॉस्टेलला तू आंघोळ तरी करायचास का रे?"

"सुध्या, प्लीज. लिहून घे."

मग आठव्या मजल्यावर लिम ऑंटींकडे गेलो. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, स्वभावाने लोणी. चकलीचा डबा पुढे केला.

"ऑंटी, अमेरिकेतून फोन येईल. वरून कधी काही पडलं का विचारतील. सांगा, नेव्हर."

"कॅन, कॅन," ऑंटी म्हणाल्या. "नेव्हर ड्रॉप. ओन्ली दॅट वन टाइम, यू ड्रॉप द यलो वन, लाह."

अरे देवा! ते मी साफ विसरलो होतो. सिंगापूरला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने एक दांडी बाहेर काढली होती, आणि ती इरकल सरकत सरकत थेट ऑंटींच्या खिडकीवर! त्यानंतर मनीषाने मला दांडीला हात लावू दिला नव्हता. माझं या क्षेत्रातलं एकूण कार्य एवढंच.

"ऑंटी, ते सोडून."

"ओके, ओके. डोन्ट से." त्यांनी चकली मोडली. त्यांनाही ते शिस्तीचं वाक्य पाठ करायला लावलं.

राहिली मनीषा. तिचं काय करायचं? ठरवलं, फोन आला की तिला नुसतं "येस" म्हणायला सांगायचं, कारण नंतर सांगायचं.

बुधवारी सकाळी सातला जॉश. मी सोफ्यावर. मनीषा ईराच्या वहीसाठी कसलं तरी चित्र छापायला प्रिंटरकडे गेलेली.

"एक गंमत आहे," जॉश म्हणाला. आवाज आज वेगळा होता. "तुमचे मित्र म्हणाले, कपडे वाळत घालण्याच्या बाबतीत हा अतिशय शिस्तीचा माणूस आहे. मिसेस लिमही तेच म्हणाल्या. शब्द न् शब्द तेच. मिसेस लिम मधे एकदा अडखळल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या."

मान वर केली तर समोर मनीषा. हातात माझा कागद. एक जास्तीची प्रत प्रिंटरमध्येच राहिली होती.

"ही पाचवी ओळ माझी आहे ना?" तिने शांतपणे विचारलं. आणि वाचली. "मनीषा. उत्तर: येस. काय बोलू नये: काहीही."

मी फोनवर हात ठेवला. त-त-प-प सुरू झालं.

"चार महिन्यांपूर्वी 'अमेरिकन मासिकात येतोय' म्हणत होतास, ते यासाठी? कपडे वाळत घालण्यासाठी?"

"अगं, ती लेखिका घरी आली होती, तिला ती साडी आवडली. आणि मी म्हटलं..."

"तू म्हटलंस, मी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची नीट घडी घातली, जशी ती साडीची घालते.

"पुण्यात मी बँकेत ऑफिसर होते. इथे आले ती तुझ्या व्हिसामागे, डिपेंडंट पासवर. आठ वर्षांत या देशात कुणी मला एका शब्दाने विचारलं नाही, की बाई तू काय करतेस. पहिल्यांदा कुणीतरी माझं काम बघून विचारायला आलं. घरापर्यंत आलं. आणि तू सांगितलंस की ते तुझं आहे."

मंडळी, हसण्याचा किस्सा आहे, पण तेव्हा मला हसू आलं नाही. अगदी रडू आलं म्हणायला हरकत नाही. मी फोन कानाला लावला आणि म्हणालो, "जॉश, ते सगळं खोटं आहे. कपडे माझी बायको घालते. मी आयुष्यात एकदाच साडी वाळत घातली. ती खाली पडली."

मग तो म्हणाला, "खांदा?"

"ठणठणीत आहे."

"थँक यू," तो म्हणाला. "मी कॅरलला सांगतो."

वीस मिनिटांनी कॅरलचा फोन. मी सगळं सांगितलं. ती गप्प. तीच तिची रीत! पण या वेळी मी ती शांतता भरली नाही. पहिल्यांदाच गप्प बसलो. मला तो घड्याळवाला माणूस दिसत होता. तो आणि मी एकाच सोफ्यावर बसलेले.

शेवटी ती म्हणाली, "तिला फोन द्या."

दोघी एक तास चाळीस मिनिटं बोलल्या. मी ऑफिसला उशीर झाल्याचा मेसेज टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभा. मनीषा सांगत होती, समोरच्या ब्लॉकची सावली दहा वाजता कुठल्या दांडीवर येते, म्हणून जाड कपडे कुठे. साडी ओवताना काठाला ताण कसा द्यायचा. दांडी बाहेर काढताना वजन हातावर नाही, कमरेवर घ्यायचं. आठ वर्षं त्या घरात राहून यातलं अक्षर मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी ईराला कळलं. तिने दप्तर खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "बाबा, यू टोल्ड हर यू हँग द क्लोद्स? व्हाय यू सो लाइक दॅट?"

मी गुपचूप तिचं दप्तर उचलून खोलीत ठेवलं.

महिन्याभरात कॅरल पुन्हा आली. चार सकाळी मनीषाच्या शेजारी खिडकीत उभी. मी चहा करून द्यायचो आणि बाहेर जायचो. जॉशने पुन्हा सगळं तपासलं, आणि या वेळी लिम ऑंटींनी काहीही पाठ न करता अर्धा तास भाषण दिलं. लेख उभा राहिला. उभा काय, लोकांनी कॅरलला पत्रांवर पत्रं लिहिली. मनीषावर तीन पानं! तिचं नाव, तिची बँक, तिची कंबर, पिवळी इरकल, सगळं. मासिक आलं त्या दिवशी तिने ते बिशानच्या वर्गात नेलं. परत आली तेव्हा चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नाच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

माझ्यावर एक वाक्य होतं. 'तिचा नवरा कपडे वाळत घालत नाही.' सासरच्या ग्रुपवर ते वाक्य कुणीतरी लाल गोल करून टाकलं. मागच्या वेळेपेक्षा जास्त अंगठे आले.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. नाही हो! मी दुसऱ्याच दिवसापासून खरंच कपडे वाळत घालायला लागलो. शपथ! रोज सकाळी सव्वासहाला उठून मशीन लावायचो, साडेसातला ऑफिसला निघायच्या आधी चारही दांड्या बाहेर. मनीषा काही बोलली नाही. नुसती बघायची. एक महिना, सहा महिने, वर्ष. एकही कपडा पडू दिला नाही. मला दांड्या आवडायला लागल्या. दांडी बाहेर सरकवताना वाटायचं, बघ रे जॉश, आता विचार!

कॅरलच्या पुस्तकाचं काम चाललंच होतं. मी तिला पत्र लिहिलं. 'लेखातलं माझ्याबद्दलचं वाक्य आता खरं राहिलेलं नाही. पुस्तकात कृपया दुरुस्ती करावी. हवं तर तपासून घ्या.' शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. या वेळी माझ्याकडे लपवायला काही नव्हतं.

तिने लगेच कळवलं. जॉश हे पुस्तकही तपासत होता, तो मनीषाशी, ऑंटींशी आणि ईराशी बोलेल. तो बोललाही, मी ऑफिसात असताना. मी घरी येऊन विचारलं, "काय सांगितलंस?"

"जे आहे ते," मनीषा म्हणाली.

आणि आठ महिन्यांनी, एका सकाळी ऑफिसला निघालो तर दाराशी पुस्तकाचं पार्सल! मी तिथेच दारात पार्सल फाडलं. शेवटचं प्रकरण आमचं. दोनशे एकाहत्तरावं पान. दुरुस्ती केली होती. मी मोठ्याने वाचलं:

'तिचा नवरा आता रोज सकाळी कपडे वाळत घालतो. तो ऑफिसला गेला की ती ते सगळे काढून पुन्हा वाळत घालते.'

मी परत वाचलं. परत. पान उलटून बघितलं, पुढे काही आहे का.

रोज? गेली पावणेदोन वर्षं? शनिवारी-रविवारी?

तळाशी बारीक अक्षरांत टीप होती. तिघांनी स्वतंत्रपणे दुजोरा दिला आहे, असं लिहिलेलं. म्हणजे ऑंटींना माहीत होतं. माझ्या मुलीला माहीत होतं. न्यूयॉर्कमधल्या जॉशला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एका माणसाला, आणि तो पुस्तक हातात घेऊन आपल्याच दारात उभा होता.

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. मनीषा खिडकीशी होती. सकाळी मी वाळत घातलेला माझा शर्ट तिने काढून उलटा केला, झटकला आणि पुन्हा दांडीवर ओवला.

"मनीषा, हे खरं आहे?"

तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"अमेरिकेत छापून आलंय ना? मग असणारच. ते लोक तपासून घेतात."